कापसाची जागा

"आज कुणाची गादी फाडून आला रे?"

पहिलवान गोलमधून ओरडला आणि सगळे हसले. ज्याला विचारलं होतं तो मात्र चालत राहिला. मालधक्क्याच्या बाजूनं, उतरत्या उन्हातून, स्टिक खांद्यावर टाकून तो येत होता. त्याच्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या कॉलरवर कापसाचे बारीक तंतू अडकले होते. मागून ऊन पडलं की ते तंतू पेटल्यासारखे दिसत, आणि क्षणभर वाटे, कुणीतरी पांढऱ्या पेन्सिलीनं याच्या अंगाच्या कडेनं रेघ काढलीय. माझ्या वहीत त्याचं खरं नाव लिहिलेलं होतं, पण मैदानावर ते कुणी घेत नसे. मैदानावर तो कापूस होता.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या मालधक्क्यामागं ते मैदान होतं. मुरमाचं, कडक, गवताचं एक पातं नसलेलं. पोरं रोज चार वाजता घागरींनी पाणी मारून धूळ बसवत आणि चुन्यानं रेघा ओढत. माझे बाबा बँकेत होते आणि कॉलेजात असताना हॉकी खेळलेले होते. बँक सुटली की ते तसेच मैदानावर जात आणि पोरांना शिकवत. पोरं त्यांना साहेब म्हणत. मी अकरावीत गेले तेव्हा आईनं तक्रार केली, की ही पोरगी खोलीतून बाहेर पडत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. बाबांनी मला स्कूटरवर मागं बसवलं, मैदानाच्या रेघेशी घडीच्या खुर्चीवर नेऊन बसवलं आणि हातात एक वही दिली.

"कोण आलं, कोण कुठं खेळलं, गोल कुणी केला. एवढंच लिहायचं, माय. बोलायचं काम न्हाई."

त्या शेवटच्या वाक्यामुळंच मी गेले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात मराठी बोलायचे, पण ती घरापुरती. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही गोंधळ होतो. पोरांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. "ताई, किती मिनिटं झाली? मराठीत सांगा ना," असं म्हणून ती माझ्याकडं बघत उभी राहायची. मी घड्याळच पुढं करायचे. बाकीचे सगळे मला ताई म्हणत. कापूस मला काहीच म्हणत नसे.

त्याच्या घरचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. दुपारभर तो अब्बांच्या हाताखाली कापूस पिंजायचा, खोळी भरायचा, टाके घालायचा, आणि काम संपलं की पळत मैदानावर यायचा. लग्नसराईत आणि थंडीच्या तोंडाला काम संपतच नसे. मग त्याला उशीर होई. बाबांच्या मैदानावर उशिराला एक ठरलेली शिक्षा होती: त्या दिवशी लेफ्ट आउटला उभं राहायचं.

ही शिक्षा का, ते हॉकी न बघणाऱ्यांना सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडं पुढच्या फळीत पाच जण खेळत, आणि त्यातला अगदी डाव्या टोकाचा तो लेफ्ट आउट. हॉकीची स्टिक एकाच बाजूनं सपाट असते. डाव्या रेघेनं पळणाऱ्याला चेंडू आत, उजवीकडं मारायचा तर अख्खं अंग वळवावं लागतं. ते कुणालाच जमत नसे, म्हणून तिकडं कुणी चेंडूही देत नसे. धूळ खात उभं राहायचं आणि दुसऱ्यांचा खेळ बघायचा. आमच्या मैदानावर लेफ्ट आउट अशी कुणाची जागाच नव्हती. आज कुणाला उशीर झाला, त्यावर ते ठरायचं. "काय रे, आज तडीपार का?" असं पहिलवान त्या दिवशीच्या गुन्हेगाराला विचारायचा.

कापसाची स्वतःची जागा मात्र तो मैदानावर यायच्या आधीच ठरलेली होती. त्याचा मोठा भाऊ, ज्याला सगळे बडे म्हणत, तो आमच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड होता. मी त्याला खेळताना पाहिलं नाही. मी यायच्या आधीच खेळाच्या जोरावर त्याला नांदेडकडं नोकरी लागली होती. पण त्याच्या गोलांच्या गोष्टी मैदानावर रोज निघत. चेंडू कसा गोलच्या फळीवर आदळला आणि आवाज कसा स्टेशनातल्या हमालांना ऐकू गेला, वगैरे. बडे गेला तेव्हा त्याची जागा कुणाला द्यायची, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आमच्याकडं पाटलाच्या घरातलं पाटीलपण जसं जातं, तशी ती जागा धाकट्याकडं आली. बाबांसारखा नियमानं चालणारा माणूससुद्धा म्हणायचा, "सेंटर ही त्यांच्या घरची जागा आहे."

आणि धाकट्याला ती जमत नव्हती. गोलसमोरच्या डीमध्ये चेंडू पायाशी आला की बडे म्हणे डोळे मिटून मारायचा. कापूस चेंडू आला की आधी त्याच्याकडं बघायचा. खरंच बघायचा, एखादं ओळखीचं माणूस अचानक दारात यावं तसा. तेवढ्यात चेंडू कुणीतरी घेऊन जाई. बाबांनी त्याला राइट इनला घातलं, तिथं तो हरवल्यासारखा फिरला. राइट आउटला तर आणखी वाईट. पुन्हा सेंटरला आणलं. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं इतक्या वेगवेगळ्या जागा लिहिलेल्या होत्या की ते पान एखाद्या प्रवाशाच्या तिकिटासारखं दिसे.

"अरे, मार ना! बघत काय राह्यला?" बाबा ओरडायचे.

"मारून राह्यलो ना, साहेब," तो म्हणायचा. "जरा बराबर बसला की मारतो."

"बसायला ती काय गादी आहे?"

यावर तो हसायचा. रागावलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. एकदा पाणी प्यायला सगळे निंबाखाली बसले होते, तेव्हा पहिलवानानं त्याला विचारलं, तू एवढा सावकाश का रे खेळतो? तो म्हणाला, "कापूस दाबून भरला की त्याचे गोळे होतात. मंग झोपणाऱ्याची पाठ दुखते. सुटा सुटा सोडावा लागतो." पहिलवान म्हणाला, "हे घ्या, आम्ही हॉकी विचारून राह्यलो, हा गादी सांगून राह्यला." सगळे हसले. मी वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य लिहून घेतलं. का, ते सांगता येणार नाही. मागच्या पानावर मी बरंच काही लिहीत असे आणि घरी जाण्याआधी खोडून टाकत असे.

सावकाशपणा लोकांनी सोसला असता. त्याची मिजास मात्र कुणाला सोसत नव्हती. मैदानावर सगळे तो शब्द वापरत. त्याला हाक मारली तर कधी तो चटकन वळे, आणि कधी चार हाका मारल्या तरी ढिम्म. लेफ्ट इनचा पोरगा तर वैतागून गेला होता. "साहेब, मी ओरडून ओरडून मरतो, हा माझ्याकडं बघत पण न्हाई. बड्याचा भाऊ आहे म्हणून काय आभाळातून पडला का?" बाबा कापसाला विचारायचे. तो मान खाली घालून म्हणायचा, "ध्यान नव्हतं, साहेब." ज्याला स्वतःच्या घराण्याचा गर्व आहे असा माणूस इतकी मान खाली घालत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण तेव्हा मलाही त्याचा राग आला होता. त्याला कारण घडलं होतं. एका संध्याकाळी त्यानं लेफ्ट इनच्या पोराला असा एक चेंडू काढून दिला, की नुसती स्टिक लावायची राहिली. गोल त्या पोराच्या नावावर लागला. मला वाटलं, हे याला कुणीतरी सांगायला हवं. मी मनात वाक्य तयार केलं. "आज तू छान खेळलास." मग तू की तुम्ही, यात दहा मिनिटं गेली. "आज तुम्ही छान खेळलात" असं ठरलं. खेळ संपल्यावर तो माझ्या खुर्चीजवळून स्टिक उचलायला वाकला, तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. तीन वर्षांत त्या मैदानावर कुणाला आपण होऊन बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. त्यानं स्टिक उचलली, तिचं टोक पँटला पुसलं, आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

त्या दिवशी स्कूटरवर मी बाबांच्या पाठीमागं चेहरा लपवून घरी आले. पुढं कित्येक दिवस त्याच्या नावापुढं मी फक्त जागा लिहिली. मागचं पान कोरं राहिलं.

त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला काकांनी कुंभार पिंपळगावहून घरच्या शेतातला कापूस पाठवला, सरकी काढून, दोन पोती. आईनं जुन्या गाद्या उसवून नव्यानं भरायचं ठरवलं. कापूस आणि त्याचे अब्बा सकाळीच आमच्या गच्चीवर आले. दुकानात त्यांचं मशीन होतं, पण अब्बांचा मशीनवर भरवसा नव्हता. त्यांनी पिंजायची ती मोठी कमान आणली होती, धनुष्याच्या दोरीसारखी तात लावलेली. लाकडी ठोकळ्यानं ते तात छेडत आणि गच्चीभर एक गंभीर, गोड आवाज घुमत राही. कापूस ढगासारखा फुगत वर येई. आईनं मला चहा घेऊन पाठवलं आणि मी कट्ट्यावर बसून राहिले. मला तिथून उठवेना. सगळी गच्ची पांढरी झाली होती. ऊन कापसावरून असं परतत होतं की माणसांना सावल्याच नव्हत्या.

अब्बा त्याच्याशी बोलताना उठून त्याच्या उजव्या बाजूला येत. प्रत्येक वेळी. हातात काम असलं, उठता आलं नाही, तर हातातली कापूस झोडायची काठी लांब करून त्याच्या डाव्या खांद्याला हलकेच लावत. मग तो वळे. खोळ भरून झाल्यावर गादीला टाके घालायला चौघं लागली; आई आणि शेजारची मावशीही बसल्या. तो न बोलता अशा कोपऱ्यावर जाऊन बसला, जिथून बाकीची तिघंही त्याच्या उजव्या हाताला येत. मावशी चुकून उठून त्याच्या डावीकडं गेली आणि म्हणाली, "बाळा, दोरा दे." तो टाके घालत राहिला. ती पुन्हा म्हणाली. अब्बांची काठी पुढं झाली.

मी चहाचे कप गोळा करायला गेले तेव्हा अब्बा खाली हात धुवायला गेले होते. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलं, मी कुठं उभी आहे ते पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"लहानपणी कान वाहायचा," तो म्हणाला. "मंग एक दिवस बंदच झाला. डावा बिलकुल न्हाई."

मी मान हलवली.

"साहेबांना सांगू नका. बड्यानं सांगून ठेवलंय, कोणाला कळलं की मेडिकलमध्येच काढतील. खेळ गेला तर मंग," आणि त्यानं भरलेल्या गादीवर थाप मारली, "हेच."

"नाही सांगणार," मी म्हणाले. मग मला राहवलं नाही. "त्या दिवशी मी तुम्हाला काहीतरी म्हटलं होतं. खुर्चीजवळ."

"कोणत्या बाजूनं?"

"डाव्या."

तो हसला, आणि मीही हसले. काय म्हटलं होतं ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी वही उघडून आधीच्या दिवसांची पानं चाळली. मला काहीतरी आठवत होतं, पण कागदावर बघितल्याशिवाय खात्री वाटत नव्हती. वर्षभरात जिथं जिथं मी त्याच्या नावाखाली बारीक टिंब दिलं होतं, म्हणजे तो सुरेख खेळला होता, त्यातल्या बहुतेक दिवशी त्याला उशीर झाला होता. तो शिक्षा म्हणून लेफ्ट आउटला उभा होता. तिथं त्याच्या डावीकडं कुणी साथीदार नसायचा. सगळ्या हाका उजवीकडून, चांगल्या कानावर येत. डावीकडं फक्त चुन्याची रेघ, आणि खेळाच्या एका हाफमध्ये रेघेपलीकडं माझी खुर्ची. माझी त्याला अडचण नव्हती. मी बोलतच नव्हते. शिवाय अंग वळवून चेंडू आत मारणं, जे बाकीच्यांना जमत नव्हतं, ते त्याला सहज जमत होतं. तो तसाही मान आणि खांदे वळवतच जगत होता. पण शिक्षेच्या जागेवर कोण कसा खेळला, हे बघायला बाबांची नजर तिकडं जातच नव्हती.

म्हणजे तो कुठला खेळाडू आहे, हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले.

तेव्हा मी स्वतःला सांगत होते की मी शब्द दिलाय. पण कानाबद्दल एक अक्षर न काढता बाबांना नुसती जागा सुचवता आली असती. शब्द दिला होता तो कानाचा होता, लेफ्ट आउटचा नव्हता. खरी गोष्ट अशी, की त्याच महिन्यात औरंगाबादहून निवड करणारे दोन गृहस्थ येणार असल्याचं पत्र आलं होतं. तीन आठवड्यांनी आमच्या मैदानावर एक सामना होणार होता. त्यातून ज्याला निवडतील त्याला खेळाडूंच्या वसतिगृहात घेणार होते, तिथं राहायचं, शिकायचं, खेळायचं. औरंगाबादच्याही पुढं, दूर, एका रात्रीच्या प्रवासावर. तो सेंटरला खेळत राहिला तर निवडला जाणार नव्हता. म्हणजे तो जालन्यातच राहणार होता. रोज संध्याकाळी मालधक्क्याच्या बाजूनं, केसांत कापूस घेऊन येणार होता. त्या तीन आठवड्यांत मी रोज मैदानावर जात होते, त्याच्या नावापुढं सी.एफ. लिहीत होते, आणि रोज वाटत होतं की मी कुणाचं तरी काहीतरी उचलून माझ्या वहीत लपवून ठेवलंय.

सामन्याच्या दिवशी मैदानावर कधी नव्हती एवढी माणसं होती. अब्बा दुकान बंद करून आले होते. बडे रजा काढून आला होता. पहिल्यांदाच मी त्याला पाहिलं. रुंद, हसरा, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारणारा. त्याचे जुने मित्र ओरडत होते, "बड्याचा भाऊ आहे, बघत राहा!" निवड करणारे दोघं निंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते. कापूस सेंटरला उभा राहिला आणि पहिल्याच मिनिटापासून बुडत गेला. डावीकडून लेफ्ट इनचा पोरगा त्याला हाका मारून चेंडू देत होता आणि तो भलतीकडंच बघत होता. दोनदा चेंडू त्याच्या पायामागून निघून गेला. एकदा तर समोर गोल मोकळा होता, मागून सगळं मैदान "मार, मार" म्हणून ओरडत होतं, आणि तो गोंधळून आवाज कुठून येतोय ते शोधत राहिला. निवड करणाऱ्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. बडे रेघेशी उभा होता. काय घडतंय ते त्या गर्दीत त्याला एकट्याला कळत होतं, आणि त्यालाही काही बोलता येत नव्हतं. अब्बा जमिनीकडं बघत होते.

मध्यंतराला पोरं बाबांभोवती जमली. बाबांनी एकदा निंबाकडं पाहिलं. मग म्हणाले, "कापूस, तू बस आता. दुसऱ्याला घेतो."

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण ते गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी त्याला बसवलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये तो लेफ्ट आउटला उतरला आणि पस्तीस मिनिटं माझ्यासमोरून, रेघेला लागून, मुरमावरून घसरल्यासारखा जात-येत राहिला. उजवीकडून हाक आली की चेंडू तिकडं, बरोबर स्टिकवर. त्याच्या चेंडूंवर आम्ही दोन गोल केले. त्यानं स्वतः एकही केला नाही. दुसऱ्या गोलानंतर निंबाखालचे दोघं खुर्च्या उचलून आमच्या बाजूला येऊन बसले. बडे इतका ओरडला की त्याचा आवाज बसला.

महिन्याभरात तो गेला. वसतिगृहाच्या डॉक्टरांनी कान तपासला, कागदावर एक ओळ लिहिली आणि खेळू दिलं. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते तेवढ्यात संपलं. आता तो एका सरकारी खात्याच्या संघात आहे, लेफ्ट आउटलाच, आणि कानाची गोष्ट स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगतो; म्हणून ती मी इथं लिहू शकले. ईदला येतो तेव्हा बाबांना भेटून जातो. गावात म्हणतात, साहेबांची नजर, साहेबांनी ओळखलं. बाबा मिशीत हसतात आणि विषय बदलतात.

जायच्या दिवशी तो आमच्या घरी आला होता. पत्र्याची पेटी, आणि अब्बांनी नव्यानं शिवलेली लहानशी रजई गुंडाळून. बाबांशी बोलून झाल्यावर तो फाटकाशी आला, मी उभी होते तिथं, आणि दोन पावलं फिरून असा उभा राहिला की मी त्याच्या उजव्या हाताला आले.

"वहीत माझं नाव काटू नका," तो म्हणाला. "गैरहजर लिहा."

पुढं जितके दिवस मी मैदानावर जात राहिले, तितके दिवस त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. नवीन पोरं हसायची. केव्हातरी बाबांनी मैदान सोडलं, आणि ती वही माझ्याकडं राहिली.

गावाला जे माहीत नाही, कारण तिथं असलेल्यांनी ते बाहेर सांगितलं नाही, आणि आमच्या घरात ज्याचा विषय पुन्हा कुणी कधी काढला नाही, ते त्या मध्यंतरातलं आहे. बाबा "तू बस" म्हणाले आणि त्यानं मान खाली घालून स्टिक जमिनीवर ठेवली. ती ठेवताना त्यानं जराही आवाज होऊ दिला नाही, आणि मला माझ्या तीन आठवड्यांच्या गप्प बसण्याची किळस आली. मी खुर्चीतून उठले. चुन्याची रेघ ओलांडून मी कधी आत गेले नव्हते. मुरूम चपलांखाली करकरत होता आणि तो आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जातोय असं वाटत होतं.

"बाबा, त्याला बसवू नका," मी म्हणाले. "लेफ्ट आउटला घाला."

सगळे माझ्याकडं वळले. माझा आवाज कसा आहे, हे त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं होतं.

"ताई," पहिलवान म्हणाला, "ही काय शिक्षा द्यायची वेळ आहे का?"

कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं ते एखाद्या अनोळखी खेळाडूला पहिल्यांदा खेळताना बघत.

"का गं, माय? कारण सांग."

कारण माझ्याकडं होतं आणि ते सांगायचं नाही असा मी शब्द दिला होता. अकरा पोरं, अब्बा, बडे, बाबा, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मग दुसरं एक कारण माझ्या तोंडून बाहेर पडलं, जे तोवर मी मागच्या पानावरसुद्धा लिहिलं नव्हतं. तेव्हा त्याचा कोणता कान माझ्याकडं होता, एवढं एकच बघायचं माझ्याकडून राहून गेलं.

"कारण," मी म्हणाले, "तीन वर्षं मी रोज इथं बसून फक्त त्यालाच बघतेय."